अराएझ की लोपेझ? एप्रिलमध्येच ट्रेडचा हिशोब मांडणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात आपल्या बेसबॉल टीमने एक खेळाडू देऊन दुसरा आणलेला असतो, मग सीझन सुरू होतो आणि एप्रिल सरत आला की एकच प्रश्न छळायला लागतो: आपण फसलो का? फँटसी लीगसाठी (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर गुण मिळणारा खेळ) असो की मित्रांशी वाद घालायला, ज्यांना हे आत्ताच ठरवायचंय त्यांनी २०२३चा एक सौदा नीट बघावा.

त्या जानेवारीत मिनेसोटा ट्विन्सनी बॅटर लुईस अराएझ मायामी मार्लिन्सला दिला आणि बदल्यात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पाब्लो लोपेझ घेतला, सोबत दोन कोवळी पोरं. दोघेही व्हेनेझुएलाचे. अराएझने नुकताच अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वाधिक सरासरीचा बॅटिंग किताब जिंकलेला, त्यामुळे त्याला सोडणं मिनेसोटात अनेकांच्या जिवावर आलं होतं.

सीझन सुरू झाला. अराएझने ११ एप्रिलला एकाच सामन्यात सिंगल, डबल, ट्रिपल आणि होम रन मारून सायकल पूर्ण केली, मार्लिन्सच्या इतिहासातली पहिलीच. जूनचा शेवटचा आठवडा आला तरी त्याची सरासरी ०.४००च्या आसपास, म्हणजे बॅटिंगच्या दर दहा संधींमागे चार हिट, होती. तिकडे लोपेझने पहिल्याच सामन्यात कॅन्सस सिटी रॉयल्सना एकही धाव दिली नाही, आठ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, आणि एप्रिलमध्येच ट्विन्सनी त्याच्याशी २०२४पासूनचा ४ वर्षांचा ७ कोटी ३५ लाख डॉलरचा करार केला. पण जूनमध्ये त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा, ४च्या वर गेला. नुसते हे आकडे बघितले तर मार्लिन्सनी लूट केली असंच कुणीही म्हणेल.

मला ते पटत नाही, कारण सगळे आकडे सारख्या वेगाने खरे बोलत नाहीत. पिचरचे स्ट्राइकआउट काही आठवड्यांत खरं चित्र दाखवतात. ईआरएमध्ये मागच्या फील्डरांचा आणि नशिबाचा मोठा वाटा असतो. बॅटरची सरासरी तर अख्ख्या सीझनमध्येही फसवू शकते. म्हणून लोपेझचा ईआरए बाजूला ठेवून त्याचा स्वीपर बघायला हवा होता. हा चेंडू त्याने त्याच वर्षी नव्याने आणला. उजव्या हाताच्या बॅटरला तो प्लेटवर येतोय असं वाटतं, बॅट निघते, आणि चेंडू आडवा सरकत लांब जातो. असं दर सामन्यात दिसत असेल तर धावांचा आकडा आज ना उद्या खाली येतो. तसा तो आलाही: शेवटी ईआरए ३.६६ आणि २३४ स्ट्राइकआउट.

अराएझ मात्र सरासरीच्या नियमाला अपवाद. दोन स्ट्राइक झाल्या तरी हा माणूस घाबरत नाही, फाउल मारत तग धरतो आणि बाहेरचा चेंडू अलगद शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) डोक्यावरून टाकतो. त्या सीझनमध्ये ५७४ अ‍ॅट-बॅट्समध्ये (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या संधी) फक्त ३४ स्ट्राइकआउट! एप्रिलमध्ये कुणाची सरासरी फुगलेली दिसली तर आधी तो किती वेळा चुकतोय ते बघा. क्वचितच चुकत असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही. अराएझ ०.३५४वर थांबला आणि या वेळी नॅशनल लीगचा किताब घेऊन गेला.

फँटसीमध्ये मी लोपेझच घेतला असता. अराएझ सरासरी देतो, पण होम रन १०च.

टीमच्या दृष्टीने बघायचं तर कराराची वर्षंही मोजावी लागतात, आणि एप्रिलच्या गडबडीत नेमकं तेच राहून जातं. लोपेझ त्या सहीमुळे २०२७पर्यंत बांधला गेला. मार्लिन्सनी २०२३मध्ये ८४ सामने जिंकून प्लेऑफ गाठलं, हे अराएझशिवाय अवघड होतं. पण मे २०२४मध्ये त्यांनी त्याला सॅन डिएगोला देऊनही टाकलं.

आणि ट्विन्स? २००४पासून ते प्लेऑफमध्ये लागोपाठ १८ सामने हरले होते. त्याआधीचा शेवटचा विजय योहान सांतानाच्या पिचिंगवर मिळालेला, तोही व्हेनेझुएलाचाच. ३ ऑक्टोबर २०२३ला लोपेझ मैदानावर आला तो सांतानाची जर्सी घालून. त्या दिवशी टोरांटोला त्याने पावणेसहा इनिंगच्या आसपास एकाच धावेवर रोखलं आणि ट्विन्स ३-१ने जिंकले.