मानेची सैल कातडी आणि एक लाख पंच्याऐंशी हजारांचं पॅकेज

गोव्यातल्या डिचोलीच्या एका निवृत्त शिक्षिकेने २०१४ साली मुंबईत फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी ओढून घट्ट करायचं ऑपरेशन, करून घेतली होती. काम नीट झालं होतं. दहा वर्षांनंतरही गाल आणि जबड्याची कड बरी होती, पण हनुवटीखाली मधोमध कातडी लोंबू लागली आणि मानेवर दोन उभ्या दोऱ्या उठून दिसू लागल्या. चवथीच्या आधी मोबाइलवर जाहिरात आली: ऑपरेशन नाही, टाके नाहीत, मान पुन्हा घट्ट, पर्वरीला मोफत तपासणी. व्हडल्या दिवाळीपर्यंत, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत, त्यांचे एक लाख पंच्याऐंशी हजार रुपये गेले, आणि मान आधीपेक्षा वाईट दिसू लागली. यात रस्त्यावरची लुबाडणूक कुठेच नव्हती. क्लिनिक चकचकीत होतं, यंत्रं खरी वाटत होती, प्रत्येक उपचाराला भारदस्त नाव होतं. म्हणूनच हा प्रकार पायरीपायरीने सांगायला हवा.

आधी मूळ गोष्ट. फेसलिफ्टमध्ये ओढ कानाकडे दिली जाते. त्यामुळे जबड्याची कड आणि मानेच्या बाजू चांगल्या ताणल्या जातात, पण हनुवटीखालचा मधला भाग कानापासून सर्वात लांब असतो, तिथे ओढ सर्वात कमी पोचते. मानेत कातडीखाली प्लॅटिस्मा नावाचा पातळ, पसरट स्नायू असतो. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी त्याच्या दोन कडा मधोमध शिवल्या नसतील, तर वयाबरोबर त्या सुटतात आणि उभ्या दोऱ्यांसारख्या दिसतात. फेसलिफ्टचा परिणाम साधारण सात ते दहा वर्षं टिकतो आणि बहुतेकांची मानच आधी सैल पडते. पाळी गेल्यावर पातळ होणारी कातडी, अचानक उतरलेलं वजन आणि आपल्याकडचं कडक ऊन यांनी ते लवकर होतं. यात पहिल्या डॉक्टरांनी काही बिघडवलं असं नाही. पण क्लिनिकमधल्या मुलीचं पहिलंच वाक्य होतं, "मॅडम, तुमचं काम अर्धवट सोडलंय त्यांनी." जुन्या डॉक्टरवरचा विश्वास आधी काढून घ्यायचा, म्हणजे बाई त्यांना फोन करून विचारत नाही.

ती मुलगी डॉक्टर नव्हती. पांढरा कोट होता, नावापुढे कन्सल्टंट असं लिहिलं होतं, आणि तिला विक्रीवर कमिशन होतं. शिक्षिकेच्या मानेला त्या दिवशी कोणी हातसुद्धा लावला नाही. जुन्या ऑपरेशनचे कागद मागितले नाहीत. रक्तदाब विचारला नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का ते विचारलं नाही. टॅबवर फोटो काढला आणि वीस मिनिटांत पॅकेज तयार झालं: हायफूच्या (ध्वनिलहरींनी कातडीखाली उष्णता देण्याच्या) एका बैठकीचे साठ हजार, चरबी विरघळवणाऱ्या इंजेक्शनच्या तीन बैठकांचे पंचेचाळीस हजार, दोरे घालून मान ओढायचे ऐंशी हजार. आज भरलं तर ऑफर, उद्या दर वाढणार.

फसवणूक इथेच झाली. पुढचं सगळं तिचं फळ.

मान सैल दिसते तेव्हा दोष चारपैकी कशात आहे हे आधी ठरवावं लागतं: कातडी जास्त झाली आहे, कातडीखाली चरबी आहे, प्लॅटिस्माच्या कडा सुटल्या आहेत, की जबड्याखालच्या लाळग्रंथी खाली उतरल्या आहेत. घरच्या आरशातही बरंच कळतं. हनुवटीखालची घडी अंगठा आणि बोटात धरा. चिमटीत पातळ पदर आला तर ती नुसती कातडी, जाड गादी आली तर चरबी. दात दाबून, ओठ खाली ताणून जोरात "ई" म्हणा. उभ्या दोऱ्या ताठ झाल्या तर तो स्नायू. तसं करताना चिमटीत धरलेली गादी निसटून गेली, तर चरबी स्नायूच्या मागे आहे आणि तिथे वरवरची कुठलीच सुई पोचत नाही. जबड्याखाली दोन्ही बाजूंना घट्ट, अंडाकृती फुगवटा लागला तर ती बहुधा ग्रंथी. एकाच बाजूला नवी गाठ लागली तर सौंदर्याचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. या शिक्षिकेच्या चिमटीत पातळ पदर येत होता आणि "ई" म्हणताना दोन दोऱ्या उठत होत्या. म्हणजे दोष कातडीचा आणि स्नायूचा. विकलेल्या तीन उपचारांपैकी एकही या दोषावरचा नव्हता.

इंजेक्शनचं सर्वात स्पष्ट आहे. चरबी विरघळवणारं औषध म्हणजे डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड. अमेरिकेत ते २०१५ साली फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी मंजूर झालं. एका बैठकीत ०.२ मिलिलिटरची जास्तीत जास्त ५० टोचणी, एकमेकांपासून एक सेंटिमीटरवर, दोन बैठकांमध्ये किमान एक महिना, आणि एकूण बैठका सहापर्यंत. ते कातडी आवळत नाही. जिथे चरबी मुळातच कमी आणि कातडी जास्त, तिथे आतला उरलासुरला आधार जातो आणि कातडी आणखी लोंबते. इथे पंधरा-पंधरा दिवसांनी टोचलं, आणि बाटलीवरचं लेबल दाखवलंच नाही.

हायफूमध्ये ध्वनिलहरी कातडीखाली ठरावीक खोलीवर उष्णता देतात. १.५, ३ आणि ४.५ मिलिमीटर खोलीसाठी यंत्राला लावायची वेगवेगळी कार्ट्रिज असतात. थोडीफार सैल कातडी असलेल्याला याने सौम्य फरक पडतो, तो दोन-तीन महिन्यांनी दिसू लागतो. पदर लोंबू लागलेल्या मानेवर त्याची ताकद पुरत नाही. फेसलिफ्ट झालेल्या वयस्क मानेत कातडी आणि चरबीचा थर पातळ असतो, त्यामुळे ४.५ चं कार्ट्रिज कुठे टेकवायचं हे फार जपून ठरवावं लागतं. चांगल्या यंत्रात आतले थर पडद्यावर दिसतात. इथल्या यंत्राला पडदाच नव्हता. जबड्याच्या कडेजवळून खालचा ओठ ओढणारी बारीक नस जाते. तिला उष्णता लागली तर हसताना ओठ वाकडा दिसतो. ते शिक्षिकेला सहा आठवडे भोगावं लागलं. बहुतेकदा ते आपोआप सुधारतं, पण तसं होऊ शकतं हे आधी सांगून सही घ्यायची असते.

सर्वात जास्त नुकसान मानेत घातलेल्या दोऱ्यांनी केलं. पीडीओ नावाच्या विरघळणाऱ्या धाग्याचे काटेरी दोरे कातडीखालून सरकवून ओढतात. ते शरीरात साधारण सहा महिन्यांत विरघळतात, आणि त्यांनी दिलेली ओढ त्याच्या आधीच ढिली पडू लागते. मान दिवसभर वळते, वाकते, गिळते. काटे तिथे टिकून धरत नाहीत. त्यात आधी ऑपरेशन झालेल्या मानेत कातडीखालचे थर जखमेच्या तंतूंनी एकमेकांना चिकटलेले असतात. दोरा तिथे सपाट सरकत नाही, एका जागी अडकतो आणि वरची कातडी खेचून खळगा पाडतो. डाव्या जबड्याखाली तसे दोन खळगे पडले आणि एका दोऱ्याचं टोक कानामागे टोचत राहिलं. यासाठीच जुन्या ऑपरेशनचे कागद आधी वाचायचे असतात.

तक्रार केल्यावर मिळालेलं उत्तर ठरलेलं: "मॅडम, कोलॅजन तयार व्हायला सहा महिने लागतात, धीर धरा." (कोलॅजन म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन.) अर्धसत्य आहे म्हणूनच ते घातक आहे. हायफूचा परिणाम हळू दिसतो हे खरं, पण खळगा कोलॅजनने भरत नाही. त्या सहा महिन्यांत समोरचा डॉक्टर बदलतो, फोन बंद होतो, फोटो "सिस्टिममधून उडतात".

फोटोंबद्दल थोडं. भिंतीवरच्या आधी-नंतरच्या जोड्या नीट बघा. आधीच्या फोटोत हनुवटी खाली आणि उजेड वरून, नंतरच्यात मान पुढे काढलेली आणि उजेड समोरून. हनुवटी दोन बोटं पुढे काढली तरी निम्मी सैल कातडी दिसेनाशी होते. कानाच्या भोकापासून डोळ्याच्या खालच्या कडेपर्यंत मनात रेघ ओढा. दोन्ही फोटोंत ती आडवी सपाट नसेल तर तुलना खोटी. तुमचे स्वतःचे फोटोही त्याच पद्धतीने, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मान खाली घालून, स्वतःच्या मोबाइलवर पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

मग खरे पर्याय कोणते? जास्तीची कातडी कापल्याशिवाय जात नाही. हे वाक्य कोणत्याही क्लिनिकमध्ये जाण्याआधी पक्कं धरा. नुसत्या उभ्या दोऱ्या खटकत असतील आणि कातडी फारशी जास्त नसेल, तर स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन चालतं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये या कामासाठी त्याला मंजुरी मिळाली. तीव्रतेप्रमाणे एकूण २६ ते ३६ युनिट लागतात आणि परिणाम तीन-चार महिने राहतो. जास्त किंवा खोल गेलं तर गिळायला त्रास होतो, मान उचलणं जड जातं. बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा, बॅच नंबरचा फोटो घ्या आणि दर युनिटवर ठरवा, "एरिया"वर नाही. जास्त पाणी घालून पातळ केलेलं औषध एरियाच्या दरात सहज खपतं.

कातडी आणि स्नायू दोन्ही सैल असतील तर हनुवटीखाली तीन-चार सेंटिमीटरची चीर घेऊन प्लॅटिस्माच्या कडा मधोमध शिवतात आणि गरजेप्रमाणे कानाभोवतीच्या जुन्या व्रणांतून कातडी पुन्हा ओढून जास्तीची काढतात. दुसऱ्या वेळी काढता येण्यासारखी कातडी पहिल्यापेक्षा कमी असते. हावरेपणाने ओढली तर कानाची पाळी खाली खेचली जाते आणि कानापुढची केसांची कड वर सरकते. तिसरा मार्ग मानेच्या मधोमध कातडी थेट कापण्याचा. व्रण उभ्या रेषेत ठेवला तर तो आवळून दोरीसारखा होतो, म्हणून झेड आकारात वळवतात. कानाजवळ पुन्हा चीर नको असलेल्या वयस्क पुरुषांना तो बरा पडतो. आपल्या सावळ्या कातडीत व्रण फुगण्याची शक्यता असते, ती आधी बोलून घ्या. अंगावर केलॉइड (जखमेच्या कडेबाहेर वाढलेला फुगीर व्रण) उठलेलं असेल तर हा मार्ग आम्ही सुचवणार नाही.

ऑपरेशन म्हटलं की एक प्रश्न अवश्य विचारा: रात्री दोन वाजता मान फुगली तर कोण येणार? कातडीखाली रक्त साचणं ही या शस्त्रक्रियेची सर्वात नेहमीची गुंतागुंत. ती बहुतेकदा पहिल्या चोवीस तासांत होते, रक्तदाब वाढलेल्यांना आणि पुरुषांना जास्त. एका बाजूला वाढती सूज आणि दुखणं आलं तर टाके लगेच उघडावे लागतात. सकाळी मोपाला उतरून संध्याकाळच्या विमानाने परतणारा पाहुणा सर्जन तेव्हा उपयोगाचा नाही. हॉटेलच्या खोलीत भरणाऱ्या शिबिरात तर पाऊलच टाकू नका. धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद हवं, नाहीतर कानामागची कातडी काळी पडून मरते. हे न विचारता तारीख देणाऱ्याकडे थांबू नका. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का ते विचारा आणि नोंदणी क्रमांक गोवा मेडिकल कौन्सिलकडे पडताळून घ्या. कॉस्मेटॉलॉजीचा डिप्लोमा म्हणजे शस्त्रक्रियेचं शिक्षण नव्हे. मत घ्यायचं तर बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजातही, प्लास्टिक सर्जरी विभाग आहे. तिथल्या डॉक्टरला तुम्हाला पॅकेज विकायचं नसतं.

पैशांची बाजूही तितकीच नेमकी होती. "रोख दिलेत तर जीएसटी वाचेल" असं सांगून साठ हजार रोख घेतले, पावती दिली नाही. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे मोठ्या बिलावर तो नसणं हीच धोक्याची खूण. आणि बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. उरलेले सव्वा लाख ईएमआयवर टाकले. शिक्षिकेला वाटलं हप्ते क्लिनिकचे आहेत. प्रत्यक्षात त्यांच्या नावावर एका कर्ज कंपनीचं कर्ज उघडलं होतं, पूर्ण रक्कम क्लिनिकला लगेच पोचली होती, आणि उपचार थांबवला तरी हप्ता थांबणार नव्हता. ओटीपी सांगण्याआधी "की फॅक्ट स्टेटमेंट" हा कर्जाच्या अटींचा कागद मागा, त्यात व्याज, एकूण परतफेड आणि कर्ज परत करून बाहेर पडायची मुदत लिहिलेली असते. ती मुदत एक-दोन दिवसांचीच असू शकते. कर्ज कंपनी ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे १४४४८ वर मदत मिळते.

फसला असाल तर पहिलं काम कागद. क्लिनिककडे लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि केसपेपर, संमतीपत्र, वापरलेल्या कार्ट्रिज-दोरे-इंजेक्शनचे बॅच नंबर मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे ७२ तासांत कागद द्यावे लागतात. डॉक्टरांनी ते जपून ठेवायचं बंधन मात्र तीनच वर्षांचं, म्हणून फेसलिफ्टचे जुने कागद घरात नसतील तर त्या हॉस्पिटलकडे आजच विचारा. मग दुसऱ्या प्लास्टिक सर्जनकडून सध्याच्या मानेचा लेखी अहवाल घ्या. खळगे, दोऱ्याचं टोक, ओठाचा वाकडेपणा, सगळं तारखेसह.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची. उत्तर गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर अर्जाला फी नाही आणि वकील बंधनकारक नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५. डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार वेगळी, ती गोवा मेडिकल कौन्सिलकडे. क्लिनिक "अर्धे पैसे परत देतो, या कागदावर सही करा" म्हणालं, तर तो कागद घरी आणून कोणाला तरी वाचून दाखवा. पुढची तक्रार करणार नाही अशी ओळ त्यात खाली बारीक अक्षरात असते. आणि नव्या सर्जनने दोरे विरघळून सूज उतरेपर्यंत सहा महिने थांबायला सांगितलं, तर ते थांबणं खरं असतं. फरक इतकाच की तो त्यासाठी आगाऊ पैसे मागत नाही.