कोहा: कॅटलॉगसाठी मस्त, सिनिअर-ज्युनिअर संवादासाठी साडेतीन स्टार

लायब्ररी सॉफ्टवेअरच्या रिव्ह्यूमध्ये सर्क्युलेशन (पुस्तकांची देवघेव) किती फास्ट आणि रिपोर्ट कसे निघतात एवढंच असतं. पण एकाच काउंटरला रिटायरमेंटला आलेले आणि कालपरवा जॉइन झालेले असे दोघं बसत असतील तर कोहा हे लायब्ररी सॉफ्टवेअर त्यांना धड बोलू देतं का, हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहितेय. कोहा न्यूझीलंडमध्ये तयार झालं, 2000 पासून वापरात आहे, ओपन सोर्स आहे, बाकी इतिहास सोडा.

वादाची खरी जागा कॅटलॉगिंग, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणं. 1978 चं एएसीआर2 (कॅटलॉगिंगचे जुने नियम) घोटलेली मंडळी तीनपेक्षा जास्त लेखक दिसले की पहिलं नाव टाकून 'एट अल' (आणि इतर) लिहून मोकळी होतात, आणि 2010 च्या आरडीएवर (त्यानंतरचे नवे नियम) शिकलेली मुलं बसून सगळी नावं टाकतात, दोघंही आपापल्या नियमाने बरोबर पण रेकॉर्ड एकच ना! अशा वेळी कोहातलं कन्सर्न फीचर, म्हणजे एखाद्या रेकॉर्डबद्दलची शंका तिथेच लिहून कळवायची सोय, भारी पडतं. ज्युनिअरने सिनिअर मॅडमची एंट्री गुपचूप बदलायची नाही आणि सगळ्यांसमोर चूकही काढायची नाही, त्या रेकॉर्डवर कन्सर्न टाकायचा, मॅडम सवडीने खाली उत्तर देतात. मान राहतो आणि नियम पण लेखी राहतो.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक प्रतीला लावता येणारी नॉन-पब्लिक नोट, वाचकाला ती दिसत नाही. चरित्रं 920 ला (ड्यूई वर्गीकरणातला चरित्रांचा नंबर) का आहेत, विषयाखाली का नाहीत, हे फक्त सरांच्या डोक्यात असतं आणि सर रिटायर झाले की गेलं, तेच इथे दोन ओळीत उतरवता येतं. फक्त त्या नोटवर कोणी कधी लिहिलं ते आपोआप येत नाही, तारीख आणि नावाची अक्षरं स्वतःच टाकायची सवय लावा.

अर्धा स्टार कापला लॉगसाठी. कोणी काय बदललं ते त्यात दिसतं, नवीन मुलांना यात काहीच वाटत नाही कारण त्यांना सगळीकडे हिस्टरी बघायची सवय, पण जुन्या माणसाला वाटतं आपल्यावर नजर ठेवलीय, आणि खरं सांगू तर प्रमुखाने तो लॉग मीटिंगमध्ये वाचून दाखवला तर वाटणारच! उरलेला एक स्टार टायपिंगसाठी, तोंडी दोन मिनिटांत संपणारं प्रकरण कन्सर्नमध्ये चार दिवस रेंगाळतं, शेजारच्याच खुर्चीत बसलेल्या माणसाशी.