बोंब जागेवर की दाराशी? ट्रान्झॅक्शन कोडमधल्या चुका हाताळायच्या तीन तऱ्हा

निपाणीचा माझा मावसभाऊ मागच्या महिन्यात एक पॅच (कोडमधला छोटा बदल) घेऊन टिळकवाडीत आमच्या घरी येऊन बसला. लिनक्सच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नलमधली बीटीआरएफएस नावाची फाइलसिस्टिम, तिच्यातलं एक फंक्शन होतं. आधी ट्रान्झॅक्शन (सगळे होतील नाहीतर एकही नाही, असा बदलांचा गठ्ठा) सुरू करायचं, मग नोंदींच्या झाडातली वाट धरून ठेवणाऱ्या ‘पाथ’साठी मेमरी घेऊन झाडात तीन बदल करायचे. त्यानंतरचं काहीही फसलं की उडी थेट तळाच्या ‘आउट’ लेबलावर. तिथं एकदाच अबॉर्ट (ट्रान्झॅक्शन मोडीत काढणं), एकदाच आवराआवर. ही पहिली तऱ्हा. "दादा, किती सुटसुटीत झालंय बघ की."

दिसायला सुटसुटीत होतंच. पण याच सुटसुटीतपणानं माझ्या दोन रात्री खाल्ल्या आहेत. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत भट्टीच्या नोंदी ठेवणारी आमची एक पेटी होती, कर्नल आम्हीच थोडा बदललेला. एक दिवस डिस्क रीड-ओन्ली झाली. लॉगमध्ये ट्रान्झॅक्शन अबॉर्ट झाल्याची ओळ, एरर उणे 5, फंक्शनचं नाव आणि ओळीचा क्रमांक. क्रमांक उघडून बघतो तर तळाचं लेबल! वरच्या चार कॉलपैकी कुठला फसला, ते त्या ओळीला ठाऊकच नव्हतं. बीटीआरएफएसचं अबॉर्ट हे मॅक्रो आहे, म्हणजे लिहिलं तिथंच उलगडणारा कोडचा तुकडा, ते जिथं लिहाल तिथलाच ओळ क्रमांक छापतं. त्यात एरर 5, म्हणजे ईआयओ (वाचण्या-लिहिण्यातली चूक) असेल, तर स्टॅकही (कुठल्या फंक्शनातून कुठं आलो ती साखळी) छापत नाही. म्हणजे हातात एकच खूण, आणि तीही आम्हीच पुसून टाकलेली.

म्हणून दुसरी तऱ्हा: कॉल फसला की तिथल्या तिथं अबॉर्ट, आणि मग आवरायला लेबलाकडे उडी. चार ओळी वाढतात, वाढू द्या. अबॉर्ट म्हणजे बोंब मारणं, ती आग लागलेल्या खोलीतूनच मारायची. मेमरी सोडणं, हँडल (चालू ट्रान्झॅक्शनची जणू पावती) परत करणं ही आवराआवर, ती दाराशी एकदाच केली तरी चालते. ही दोन कामं वेगळी आहेत. एका लेबलात कोंबली की दोन्ही बिघडतात.

ओळ क्रमांकापेक्षा मोठा मुद्दा पुढंच आहे. मावसभावाच्या त्या पॅचमध्ये पाथसाठी मेमरी मिळाली नाही तरी उडी त्याच लेबलावर होती. तोवर झाडातलं एक पानही हललेलं नसतं. अशा वेळी हँडल घेतलेलं असेल तर ते परत करून ईनोमेम (मेमरी नाही, ही चूक) परत द्यावा, बोलावणारं वरचं फंक्शन बघून घेईल. सामायिक लेबलामुळं मात्र अबॉर्ट होतो आणि क्षणभराच्या मेमरी-टंचाईपायी अख्खी फाइलसिस्टिम रीड-ओन्ली. अर्धवट बदल झाला असेल तरच अबॉर्ट, हा निवाडा प्रत्येक कॉलपाशी वेगळा करावा लागतो. जागेवर अबॉर्ट लिहिताना तो विचार आपोआप होतो, लेबलावर लिहिताना होत नाही. (2012 च्या आधी यातल्या बऱ्याच ठिकाणी सरळ ‘बग-ऑन’ हे मॅक्रो होतं, म्हणजे चूक झाली की अख्खा कर्नलच आडवा. त्या मानानं आपण सुखात.)

मग एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवाले सर्रास एकाच ‘कॅन्सल’ लेबलावर उडी मारतात, ते चुकतात का? नाही. तिथं ट्रान्झॅक्शन स्वच्छ आहे की त्यात बदल झालेत, हे रद्द करणारं फंक्शन स्वतः तपासतं. स्वच्छ असेल तर गुपचूप सोडून देतं, मळलेलं असेल तर फाइलसिस्टिम बंद पाडतं. निवाडा यंत्राकडं असल्यामुळं सामायिक लेबल तिथं शोभतं. पण लॉगमधला निरोप तिथंही रद्द करण्याच्या जागेचा असतो, मूळ चुकीचा नव्हे. ती किंमत आहेच. ईएक्सटी4 या आणखी एका फाइलसिस्टिममध्ये चुकीनंतर चालू ठेवायचं, रीड-ओन्ली व्हायचं की पॅनिक करायचं (कर्नलच थांबवायचा), हे माउंट करताना ‘एरर्स’ पर्यायानं ठरतं. तेव्हा एका फाइलसिस्टिमची सवय दुसरीकडं डोळे झाकून नेऊ नका.

तिसरी तऱ्हा नवी: व्याप्ती (कोडचा तो कंस) संपली की आपोआप मोकळं होणारं चल. कर्नलमध्ये हे 2023 मध्ये, 6.5 आवृत्तीत आलं. मुळात जीसीसी या कंपायलरची ‘क्लीनअप ॲट्रिब्यूट’ ही जुनी सोयच, त्यावर नेटकं वेष्टण. बीटीआरएफएसमध्ये पाथसाठी तसं मॅक्रोही आहे. पाथ, बफर अशा गोष्टींना उत्तम, अर्धी लेबलं गळून पडतात. पण अबॉर्ट काही असं चल आपोआप करून देणार नाही, आणि अबॉर्ट केला म्हणून हँडल परत करायचं सुटत नाही. शिवाय एकाच फंक्शनात गोटू (लेबलावरची उडी) आणि आपोआप मोकळं होणारी चलं मिसळू नयेत, असं या सोयीच्या हेडर फाइलमध्येच लिहिलेलं आहे. अर्धं इकडं अर्धं तिकडं ठेवण्यापेक्षा जुनंच बरं.

लेबलं ठेवलीत तर नावं कामाची द्या. आमच्या गावाला बेळगाव म्हणा नाहीतर बेळगावी, खानापूरहून निघालेली एसटी बरोबर स्टँडवर येते. लेबलाचं तसं नाही. ‘आउट’ वाचून तिथं काय सुटतं, काय उरतं, काही कळत नाही, ‘फ्री_पाथ’ वाचून कळतं. आणि ट्रान्झॅक्शन संपवताना येणारं उत्तर चुकीचा क्रमांक धरून ठेवणाऱ्या त्याच ‘रेट’ या चलात घेऊ नका, पहिली खरी चूक पुसली जाते.

मावसभावाला मी सांगितलं ते असं. बीटीआरएफएस असेल तर दुसरी तऱ्हा, वाद नको. एक्सएफएस असेल तर तिथली रीत पाळ. तिसरी तऱ्हा हवी असेल तर वेगळ्या पॅचमध्ये, आणि तीही पूर्ण फंक्शनभर. आधी फक्त अबॉर्टची जागा बदलणारा पॅच पाठव. म्हणजे तपासणाऱ्याला वागणूक कुठं बदलली ते दिसेल, नुसती मांडणी बदलणाऱ्या ओळींत ते हरवणार नाही.

"मग पॅच दोन होणार की," तो कुरकुरला. तीन झाले. ‘रेट’ पुसला जात होता, तो बग आम्हाला जेवण झाल्यावर सापडला.