घर विकणाऱ्याला पत्र लिहून देणारी सेवा : ८५ डॉलर, दोन तारे

ऑफरबरोबर घरमालकाला द्यायचं पत्र लिहून देणारी एक बाई ऑनलाइन आहे. नाव देत नाही, कारण माझी तक्रार कुणाच्या पोटावर पाय द्यावा इतकी मोठी नाही. पण आमच्याकडे, म्हणजे ओरेगॉनमध्ये बीव्हर्टन-हिल्सबरोच्या बाजूला, घर शोधणाऱ्या देशी लोकांत तिची लिंक हातोहात फिरते आहे. "आमचं घर तिच्या पत्रामुळे मिळालं" असं ठासून सांगणारेही दोघं-तिघं भेटलेत. म्हणून पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकानं चार ओळी लिहिलेल्या बऱ्या.

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी: घर साधारण गुरुवारी बाजारात येतं, शनिवार-रविवार ओपन हाउस, म्हणजे कुणीही येऊन बघून जावं, सोमवारी संध्याकाळपर्यंत ऑफर द्या. घर बरं असलं की एकावर चार-पाच ऑफरी पडतात. आपल्याकडे मालक चहा पाजतो, शेजारच्या काकू डोकावून जातात, "कुठले तुम्ही?" होतं. इथे मालकाचं तोंडही दिसत नाही. घर बघायच्या वेळी ते लोक बाहेर निघून जातात आणि पुढचं सगळं दोन एजंटांच्या मधे. त्यामुळे पानभर पत्र लावून मालकाच्या काळजाला हात घालायची चाल फार पूर्वीपासून आहे. एजंट लोक त्याला सरळ लव्ह लेटर म्हणतात.

सेवेचा हिशोब असा. पहिलं पत्र ८५ डॉलर, अठ्ठेचाळीस तासांत हातात. एक दुरुस्ती त्यातच. ते घर हातचं गेलं तर पुढच्या घरासाठी त्याच पत्रात बदल करून देण्याचे २५. नवऱ्याचं म्हणणं, सहा लाखांच्या घरासाठी ८५ डॉलरचा विचार करत बसू नकोस. या वाक्यावर या देशात कितीतरी लोकांची पोटं भरतात.

पैसे भरले की एक लांबलचक प्रश्नावली येते, आणि तिचा पहिला भाग खरोखर चांगला आहे. घरात शिरल्यावर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबलात? फोटोंत न दिसलेली कुठली गोष्ट प्रत्यक्षात दिसली? मालकानं हाताने केलेलं असं काही आहे का?

मी थांबले होते गॅरेजमध्ये. भिंतीवर भोकाभोकांचा बोर्ड, त्यावर प्रत्येक हत्यार टांगलेलं आणि त्याच्याभोवती काळ्या मार्करनं त्याचाच आकार काढलेला. पाना काढला की पान्याची आकृती उरते, म्हणजे परत ठेवताना शोधायला नको. बाजूला वॉटर हीटरवर कधी बसवला त्याची तारीख. घर गरम ठेवणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे फर्नेसच्या, पत्र्यावर फिल्टर बदलल्याच्या तारखांची उतरती रांग, जुन्या पुसट होत गेलेल्या. माझे वडील इचलकरंजीला सूतगिरणीत फिटर होते. त्यांच्या खात्यात अशीच फळी होती, आकार पांढऱ्या ऑइलपेंटनं काढलेले. हत्यार जागेवर नसलं की पाळी संपल्यावर कुणी घरी जायचं नाही. मी हे सगळं प्रश्नावलीत मनापासून लिहिलं. एवढं मोठं उत्तर क्वचितच कुणी देत असेल.

प्रश्नावलीचा दुसरा भाग मात्र वेगळ्याच वळणाचा. मुलं किती, वयं काय, तुमची परंपरा कोणती, कुठले सण करता, उपासनेला कुठे जाता, कुत्रा आहे का, आणि हसऱ्या चेहऱ्यांचा कुटुंबाचा फोटो जोडा, शक्यतो सणाचा. मी हातासरशी भरून टाकलं आणि दिवाळीतला एक फोटो दिला.

पत्र सांगितलेल्या वेळेच्या आधी आलं. वर फिकट गुलाबी पानांची वेलबुट्टी, कोपऱ्यात गोल चौकटीत आम्ही तिघं, मी पैठणीत. मजकुराचा गोषवारा: आम्ही एक कष्टाळू, एकमेकांना धरून असलेलं भारतीय कुटुंब आहोत, आमची लेक या अंगणात बागडताना आम्हाला आत्ताच दिसते आहे, तुमच्या व्हरांड्यात आम्ही दिव्यांचा सण साजरा करू, आमची श्रद्धा आम्हाला घराची किंमत शिकवते. गॅरेजचा ग सुद्धा नाही. उलट "उन्हात न्हालेल्या स्वयंपाकघरानं आम्हाला पहिल्या क्षणी जिंकलं." ते स्वयंपाकघर उत्तरेला आहे, आणि आम्ही गेलो तो फेब्रुवारी होता. फेब्रुवारीत इथे पोर्टलंडच्या आसपास ऊन बघितलेल्या माणसाला मला भेटायचंय.

रात्री फोनवर आईला मराठीत करून वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं मंजू, हा तर स्थळासाठी काढलेला बायोडेटा झाला. गोत्र तेवढं घालायचं राहिलंय."

आई हसली, पण मला ते लागलं. लग्नाआधी पुण्यात भाड्यानं जागा शोधत होते तेव्हा ब्रोकरचा पहिला प्रश्न असायचा आडनाव काय, आणि दुसरा नॉनव्हेज खाता का. आमच्याकडे रविवारी मटण शिजणार म्हणजे शिजणारच. डिपॉझिट तयार, पगाराची स्लिप तयार, तरी "मालक फॅमिलीला विचारून सांगतो" म्हणून गेलेला फोन परत येत नसे. ज्या माहितीवरून तेव्हा दार बंद व्हायचं, तीच माहिती आता मी पैसे देऊन, पैठणी नेसून, वेलबुट्टीत बसवून पाठवणार होते. दार या खेपेला उघडेल अशा आशेवर. आणि दुसरी ऑफर देणाऱ्याचं आडनाव मालकाला आमच्यापेक्षा जवळचं वाटलं तर?

दुसऱ्या दिवशी आमच्या एजंटला पत्र दाखवलं. ही बाई २००८च्या मंदीच्याही आधीपासून या धंद्यात आहे आणि गोड बोलायच्या भानगडीत पडत नाही. तिनं फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हा मी पुढे पाठवणार नाही. मग कारण सांगितलं. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याप्रमाणे घर विकताना वंश, वर्ण, धर्म, मूळ देश यांवरून माणूस निवडता किंवा नाकारता येत नाही. लिंग त्यात १९७४ साली आलं, अपंगत्व आणि मुलंबाळं असणं १९८८ साली. आमच्या पत्रात यातलं जवळजवळ सगळं एका पानात होतं. पत्र लिहिणं हा गुन्हा नाही. पण ते वाचून मालकानं आम्हाला घर दिलं, किंवा दिलं नाही, तर उद्या निस्तरायला तो आणि त्याचा एजंट. म्हणून एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेनंही २०२० साली आपल्या सभासदांना या पत्रांपासून जपून राहायला सांगितलं होतं.

आणि हे सगळं आम्ही ओरेगॉनमध्ये करत होतो, जिथे अशा पत्रांवर देशात पहिल्यांदा कायद्यानं बंदी आली! २०२१ साली इथल्या विधिमंडळानं ठरवलं की विकणाऱ्याच्या एजंटनं नेहमीच्या कागदपत्रांखेरीज खरेदीदाराकडून आलेलं काहीही, फोटोसुद्धा, स्वीकारायचं नाही. जानेवारी २०२२ पासून लागू. पण इथल्याच एका रिअल इस्टेट कंपनीनं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन कोर्ट गाठलं आणि मार्च २०२२ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी कायद्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. नंतर राज्यानंही लढा सोडला. त्यामुळे पत्र देता येतं. पण बरेच लिस्टिंग एजंट, म्हणजे विकणाऱ्याचे एजंट, आता आधीच सांगतात की पत्रं पाठवू नका, मालकापर्यंत जाणार नाहीत. आम्ही बघितलेल्या काही घरांना हीच अट होती. सेवेच्या वेबसाइटवर यातलं एक अक्षर नाही. एक तारा मी इथेच कापला.

बंदीच्या बाजूनं बोलणाऱ्यांना इथला इतिहास उकरून काढावा लागत नाही, तो वरच असतो. १८५७ साली ओरेगॉनच्या मतदारांनी राज्यघटनेत कृष्णवर्णीयांनी इथे येऊन राहायचं नाही, जमीन घ्यायची नाही असं कलम घातलं. ते घटनेतून निघालं १९२६ साली. आपल्या लोकांनाही झळ लागलीच. पंजाबातून इथे आलेल्या भगतसिंग थिंड यांना पोर्टलंडच्या फेडरल कोर्टानं १९२० साली नागरिकत्व दिलं, १९२३ साली सर्वोच्च न्यायालयानं भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' नाही म्हणून निकाल फिरवला. त्याच साली ओरेगॉननं कायदा केला की ज्यांना नागरिक होताच येत नाही अशा परदेशी माणसांना जमीन विकत घेता येणार नाही. रोख मुख्यतः जपानी शेतकऱ्यांवर होता, पण त्या निकालानंतर आपणही त्याच रांगेत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा मोडीत काढला १९४९ साली. हे कळल्यावर "कष्टाळू भारतीय कुटुंब" ही जाहिरात माझ्या हातून पुढे जाईना.

दुरुस्ती फुकट होती, ती मागितली. स्पष्ट लिहिलं की धर्म, देश, मूल, फोटो काढा आणि गॅरेजबद्दल लिहा. परत आलेल्या पत्रात 'भारतीय'च्या जागी 'बहुसांस्कृतिक' होतं, फोटो गेला होता, दिव्यांचा सण होता तिथेच. गॅरेजसाठी एक वाक्य: "तुमचं प्रशस्त गॅरेज आमच्या वाढत्या कुटुंबाला पुरेल." वाढतं कुटुंब? आम्हाला तरी ही बातमी नवीन होती. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, काम सुरू झाल्यावर परतावा नाही. अटींमध्ये तसं आहेच, त्याबद्दल भांडण नाही.

मग मीच लिहिलं, अर्धा पान, वेलबुट्टीशिवाय. बोर्ड आणि त्यावरचे आकार, फर्नेसवरच्या तारखा, आणि हत्यारं तुम्ही नेलीत तरी बोर्ड भिंतीवर राहू द्याल का एवढी विनंती. नावही घातलं नाही, नुसतं "खरेदीदार". एजंटनं वाचून ते ऑफरला जोडलं. घर मिळालं नाही. पूर्ण रोख रक्कम आणि दहा दिवसांत व्यवहार अशी ऑफर आली होती. त्यापुढे माझी गद्यशैली काय करणार! आमच्याकडे वीस टक्के डाउन पेमेंट आणि बाकी बँक.

जे घर शेवटी मिळालं त्याला पत्र चालणारच नव्हतं. ते जमलं एका फोनवर. ऑफर लिहायच्या आधी आमच्या एजंटनं समोरच्या एजंटला फोन करून विचारलं, विकणाऱ्याला पैशाशिवाय काय हवंय? त्याचं नवीन घर तयार व्हायला वेळ होता, दोनदा सामान हलवायला तो कंटाळला होता. आम्ही क्लोजिंगनंतर, म्हणजे घर आमच्या नावावर झाल्यावर, महिनाभर त्याला तिथेच राहू दिलं, विनाभाडं. बँकेची अट अशी असते की ६० दिवसांच्या आत आपण स्वतः राहायला जायचं, म्हणजे तेवढी सवड होती. इसार, इथल्या भाषेत अर्नेस्ट मनी, नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवला. आमच्या वॉशिंग्टन काउंटीत विक्रीवर हजारामागे एक डॉलर ट्रान्सफर टॅक्स लागतो. रिवाजानं तो दोघांत अर्धा-अर्धा असतो, आम्ही सगळा उचलला. आमची ऑफर रकमेत सगळ्यात वरची नव्हती, हे समोरच्या एजंटनं नंतर स्वतःच सांगितलं.

तर तारे. एक वेळेवर काम दिल्याबद्दल. एक प्रश्नावलीच्या पहिल्या भागासाठी, कारण त्या प्रश्नांमुळे मी घरं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. मालकानं घर कसं राखलंय ते फर्नेसच्या पत्र्यावर कळतं, सजवलेल्या दिवाणखान्यात कळत नाही. नंतरच्या प्रत्येक घरात मी आधी गॅरेज आणि क्रॉलस्पेसचं, म्हणजे घराखालच्या रांगत जायच्या पोकळीचं, झाकण गाठायचे आणि नवरा "आधी बेडरूम तरी बघ" म्हणत मागून यायचा. बाकी पत्रासाठी काही नाही. द्यायचंच असेल तर घराबद्दल स्वतः लिहा, इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालतं, आणि आधी समोरच्या एजंटला पत्र चालतं का हे आपल्या एजंटकरवी विचारून घ्या. ८५ डॉलरमध्ये थोडी भर घातली तर सीवर लाइनमध्ये कॅमेरा घालून तपासणी होते. जुन्या घरात फर्नेसचं तेल साठवायची टाकी जमिनीखाली पुरलेली राहिली आहे का तेही शोधून घ्या, या भागात ती कधीकधी निघते आणि काढायचा खर्च मोठा असतो.

एवढं वाचूनही कुणी ही सेवा घेतलीच तर फोटो देऊ नका. दिला असेल तर काम झाल्यावर काढून टाकायला लेखी कळवा. तिच्या वेबसाइटवर नमुन्याची पत्रं आहेत आणि त्यांत खऱ्या कुटुंबांचे चेहरे आहेत. मी कळवलं, आणि काढल्याचं उत्तर दोन दिवसांत आलं.