दूध सोडावं की गोड? मुरुमं आणि कोरडी त्वचा एकत्र नांदत असतील तर

मुरुमं म्हटली की चेहरा तेलकट असणार, असं सगळे गृहीत धरतात. माझा नव्हता. हनुवटीवर फोड आणि त्याच वेळी नाकाच्या कडांना, ओठांच्या कोपऱ्यांशी पांढरे पापुद्रे, अशी माझी जुनी जोडगोळी. मुरुमांचं मलम लावावं तर पापुद्रे वाढायचे, पापुद्र्यांवर काही चोपडावं तर हनुवटी बिघडायची. शेवटी म्हटलं, वरून लावणं पुरे, आता ताटातच काय ते बदलू.

ताट बदलायचं ठरवलं की दोन सल्ले सगळ्यात जास्त मिळतात. एक, दूध-दुभतं पूर्ण बंद. दुसरा, साखर, पांढरा ब्रेड, गोड पेयं असलं रक्तातली साखर झपकन चढवणारं खाणं कमी. मी दोन्ही केलं, वेगवेगळ्या वर्षी, प्रत्येकी साधारण तीन महिने. तीन महिने अशासाठी की डोळ्यांना दिसणारा फोड कातडीखाली कित्येक आठवडे आधीच धरलेला असतो. पंधरा दिवसांत निकाल मागणाऱ्याने या फंदात पडू नये. मी डॉक्टर नाही आणि माझं मोजमाप म्हणजे न्हाणीघरातला आरसा, एवढं धरून पुढचं वाचा.

पुराव्याचं आधी उरकतो. गोड कमी करण्याच्या बाजूने २००७ साली प्रसिद्ध झालेला एक ऑस्ट्रेलियातला प्रयोग नेहमी पुढे केला जातो. १५ ते २५ वयाचे ४३ तरुण, १२ आठवडे. कमी ग्लायसेमिक भाराचं (म्हणजे एका वाढणीने रक्तातली साखर एकूण कमी चढवणारं) खाणाऱ्यांचे फोड सरासरी २३-२४ ने घटले, नेहमीसारखं खाणाऱ्यांचे १२ ने. म्हणजे काहीच न बदलणाऱ्यांचेही घटलेच, हे सांगताना लोक सोयीस्कर विसरतात. शिवाय पहिल्या गटाचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय नक्की कोणाचं हा प्रश्न राहतोच. तरी तो प्रयोग होता, दोन गट करून केलेला. दुधाच्या बाबतीत जे आहे ते बहुतेक सर्वेक्षणातून आलेलं. २००५ च्या गाजलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या ४७ हजारांवर परिचारिकांना विचारलं होतं की शाळेत असताना तुम्ही काय खात होता आणि त्या वयात डॉक्टरांनी तीव्र मुरुमांचं निदान केलं होतं का. इतक्या वर्षांनंतरच्या आठवणीवर किती भिस्त ठेवायची ते तुम्हीच ठरवा. आणि अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन्ही आहारांबद्दल शिफारस करण्याइतका पुरावा नाही असंच म्हटलंय. तेव्हा यातलं काहीही औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे.

त्या परिचारिकांच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात राहिली. मुरुमांशी संबंध सगळ्यात ठळक दिसला तो साय काढलेल्या दुधाचा, पूर्ण दुधाचा नव्हे. कारण कोणी खात्रीने सांगत नाही. पण ‘हलकं खायचं’ म्हणून पूर्ण दुधावरून बिनसायीच्या दुधावर उडी मारणाऱ्याने क्षणभर थांबावं एवढं त्यात नक्की आहे. स्निग्धांशही गेला आणि मुरुमांचा संशयही तिथेच, असा तो सौदा.

दोन्ही आहारांमागचा तर्क तसा एकच आहे. इन्सुलिन चढलं की त्याच्यासोबत वाढीला लावणारी आणखी काही संप्रेरकं कामाला लागतात, आणि तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. गोड खाल्ल्याने इन्सुलिन चढतं हे सरळच. दुधाची गंमत अशी की ते रक्तातली साखर फारशी चढवत नाही, पण इन्सुलिन मात्र अपेक्षेपेक्षा बरंच वर नेतं. त्यामुळे कागदावर दोघांची बरोबरी झाली असती, तर मी नाणं उडवलं असतं.

फरक पडला तो कोरडेपणामुळे.

इथे एक घोळ आधी निस्तरायला हवा. चेहऱ्यावरचं तेल आणि कातडीतला ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल ग्रंथींतून येतं. ओलावा टिकतो तो सगळ्यात वरच्या थरातल्या पेशींच्या फटींत भरलेल्या स्निग्ध लेपामुळे. विटांमधला चुना म्हणा. हा लेप तयार व्हायला जे लिनोलेइक आम्ल लागतं ते शरीर स्वतः बनवत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. १९२९ साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने उंदरांना स्निग्धांश अजिबात नसलेलं खाणं दिलं, तेव्हा त्यांच्या शेपट्यांवर खवले आले. अशा आम्लांना आवश्यक म्हणायला सुरुवात झाली ती तिथून. माणूस चार आठवडे तेल कमी खाऊन त्या उंदराच्या अवस्थेला जात नाही, हे मलाही कळतं. पण मुरुमं घालवायला म्हणून जो ताटातलं प्रत्येक तेल काढून टाकतो, तो चुकीच्या तेलाशी भांडतोय.

आणि मी नेमकं तेच केलं होतं.

दूध बंद केलं ते मोठ्या उत्साहात. पहिल्या आठवड्यात कळलं की दूध कपात नसतं, पाकिटात असतं. बिस्किटांत दुधाची भुकटी, सूपमध्ये व्हे, तिखट कुरकुरीत खाऊच्या मसाल्यातही केसीन, म्हणजे दुधातलीच प्रथिनं. प्रत्येक पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायची. काही दिवसांनी या सगळ्याचा कंटाळा येऊन मी तिढा सोप्या मार्गाने सोडवला: लोणी गेलं, चीज गेलं, तळलेलं गेलं, कोशिंबिरीवरचं तेल गेलं, सुकामेवाही ‘जड’ म्हणून गेला. दुधाशी त्यातल्या निम्म्याचा काही संबंध नव्हता. पण एकदा वर्ज्य करायची झिंग चढली की माणूस थांबत नाही. दुधाच्या जागी आणलं ओटचं पेय, तेही गोड केलेलं. म्हणजे एका दाराने घालवलेलं इन्सुलिन दुसऱ्या दाराने घरात.

पाचव्या आठवड्याच्या सुमारास ओठांचे कोपरे बिघडले. दाढी करताना रेझर खालच्या ओठाच्या डाव्या टोकाशी यायचा आणि तिथल्या सुट्या पापुद्र्यात अडकायचा. ओढलं की पापुद्रा अर्धा निघायचा, अर्धा तसाच, आणि मध्ये एक लाल रेघ. साबणाचा फेस लागला की चुरचुर. दुपारी हसलो तरी तिथे ताणल्यासारखं व्हायचं. दुखणं काही मोठं नव्हे, पण रोज सकाळी सातला त्याच जागी, त्याच रेझरखाली.

साहजिकच मी नेहमीचं हलकं जेल सोडून जाड क्रीम आणलं. कोपरे चार दिवसांत निवळले. आणि तीन आठवड्यांनी हनुवटीवर बारीक बारीक पुरळ उठलं.

आता हे कशाचं? क्रीमचं? ओटच्या गोड पेयाचं? की दूध सोडून काही उपयोगच नव्हता आणि मुरुमं आपल्या गतीने येत होती? सांगता येईना. दोन महिने पाकिटं वाचली, बिनदुधाची कॉफी प्यायलो, आणि हातात काही नाही, कारण मधेच दुसरी गोष्ट बदलून बसलो होतो. माझा सगळा राग आहे तो या एका गोष्टीवर. दुधाने माझी कातडी कोरडी केली असं मी म्हणणार नाही. ती मीच केली. पण त्या आहाराने मला त्या रस्त्याला लावलं आणि वर निकालही वाचू दिला नाही.

दुसरा प्रयोग त्यानंतर वर्षभराने. या वेळी दूध राहिलं, साखर गेली. पांढऱ्या ब्रेडच्या जागी अख्ख्या धान्याचा, पेयांत साखर नाही, फळांचा रस नाही पण फळ चालेल. कलिंगडाला घाबरून बसू नका. त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे साखर किती झपकन चढते तो आकडा, चढा असला तरी फोडीत पाणीच इतकं असतं की भार कमीच पडतो. मुख्य म्हणजे या आहारात स्निग्ध पदार्थांशी वैर धरायचं कारणच नव्हतं. उलट गोड काढल्यावर भूक भागवायला ते लागतातच. मूठभर अक्रोड, सूर्यफुलाच्या बिया, आठवड्यातून दोनदा मासे. पहिले दहा दिवस चिडचिडीचे गेले, हे कबूल. घरचे माझ्याशी जरा जपूनच बोलत होते.

कातडीचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात काहीही झालं नाही, आणि मला तेच हवं होतं. पापुद्रे होते तेवढेच राहिले, वाढले नाहीत, त्यामुळे लावायचं क्रीम बदलावं लागलं नाही, फेसवॉश बदलावा लागला नाही. आठव्या-नवव्या आठवड्यापासून हनुवटीवर आठवड्याला चार-पाच नवे फोड यायचे ते एक-दोनवर आले. हे साखरेमुळेच झालं असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण निदान दुसरा संशयित खोलीत नव्हता.

या आहाराचे तोटे नाहीत असं नाही. मुळात बारीक असलेल्याचं वजन नको तितकं उतरू शकतं. बाहेर जेवायला गेलं की यजमानाला स्पष्टीकरण देत बसावं लागतं, आणि ‘एवढंसं गोड खाल्लं तर काय होतंय’ हे वाक्य महिन्यातून दहा वेळा ऐकावं लागतं. त्याचं उत्तर मात्र या आहारात सोपं आहे: काही होत नाही. भार कमी-जास्त करता येतो, एका तुकड्याने प्रयोग मोडत नाही. दूध ‘पूर्ण बंद’ असलं की एका चुकून खाल्लेल्या सॉसनंतर मन परत पहिल्या दिवसापासून मोजायला लागतं. खाण्याशी ज्यांचं नातं आधीच नाजूक आहे त्यांनी मात्र दोन्हींपासून लांब राहावं.

मग दूध कोणी सोडून बघावं? व्यायामानंतर व्हे प्रोटीनचे डबे रिकामे करणाऱ्यांनी, आणि तेही आधी फक्त तो डबा. दिवसाला तीन-चार पेले दूध पिणाऱ्यांनी. किंवा ज्यांना स्वतःलाच दोन-तीनदा स्पष्ट जाणवलंय त्यांनी. अशांनी दूध काढावं, पण बाकीचं तेल जागेवर ठेवावं, बदली पेय बिनसाखरेचं घ्यावं आणि कॅल्शियम, बी-१२ कुठून येणार ते आधी बघावं. बी-१२ च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी काहींना मुरुमं उठतात, तेव्हा तिथेही हात आखडता.

वरून लावायच्या गोष्टींचं थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतात. आहार सुरू करण्याआधी दोन आठवडे मॉइश्चरायझर ठरवून टाका आणि मग तीन महिने त्याला हात लावू नका. माझं जुनं जेल मला आवडायचं, पण त्यावर सनस्क्रीन चोळलं की खोडरबरासारख्या बारीक वळ्या निघायच्या. दुसऱ्या प्रयोगाआधीच मी ते बदलून सेरामाइड (त्या विटांमधल्या चुन्यातलाच एक स्निग्ध घटक) आणि ग्लिसरीन असलेलं मध्यम दाटीचं क्रीम घेतलं आणि नंतर पाव इंचही हललो नाही. चेहरा धुतल्यावर ओलसर असतानाच लावायचं. कोपऱ्यांना फक्त ठिपक्याएवढी पेट्रोलियम जेली. ती छिद्रं बुजवते अशी तिची बदनामी आहे, पण शुद्ध जेलीने मुरुमं होत नाहीत. कढत पाण्याने तोंड धुणं बंद. आणि कातडीसाठी म्हणून बाटल्याच्या बाटल्या पाणी ढोसून पापुद्रे जात नाहीत, लघवीला मात्र जावं लागतं.

बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अॅडॅपलिन ही मुरुमांवरची औषधं लावत असाल तर कोरडेपणाचा पहिला संशय त्याच्यावरच घ्या, ताटावर नको. तीव्र मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर हा सगळा लेख बाजूला ठेवा. तो कोरडेपणा औषधाचा असतो, बहुतेक प्रकारच्या गोळ्या स्निग्ध जेवणासोबत घेतल्या तरच नीट शोषल्या जातात, आणि सोबत अ जीवनसत्त्वाची वेगळी गोळी घ्यायची नसते. अजून एक: नाकाच्या कडेची साल पिवळसर, तेलकट असेल, खाली लाली असेल, भुवयांतही असेल, तर तो बहुधा कोरडेपणा नव्हेच. सेबोऱ्हिक डर्माटायटिस नावाचं वेगळं प्रकरण असतं, आणि त्यावर तेलं चोळली की ते खूश होतं. ओठांच्या कोपऱ्यातली चीर भरतच नसेल तर तिथेही बुरशीचा संसर्ग असू शकतो. या दोन्हींना डॉक्टर लागतो, अक्रोड नव्हे.

माझ्या कॉफीत सध्या दूध आहे, साखर नाही. रेझर डाव्या कोपऱ्यावरून सरळ उतरतो. परवा हनुवटीवर एक फोड आला, चांगला टपोरा. बायकोने विचारलं, आता काय बंद करणार? म्हटलं, काही नाही. तो आठवड्याभरात बसला.