अनुस्वार उमटतो का? स्टायलस काही महिने वापरल्यावर

माझं काम मुद्रितशोधनाचं. पूर्वी प्रिंट काढून लाल पेनाने खुणा करायचे, आता पीडीएफ टॅबवर उघडते आणि त्याच खुणा स्टायलसने करते. त्यामुळे हा अनुभव चित्रकाराचा नाही. दोन ओळींमधल्या चिंचोळ्या जागेत सुटलेला अनुस्वार द्यायचा, ऱ्हस्वाचं दीर्घ करायचं, जास्तीचा काना उडवायचा, एवढीच माझी गरज. या गरजेबद्दल खोक्यावरचे आकडे जवळपास काहीच सांगत नाहीत.

सुरुवात रबरी टोकाच्या साध्या पेनाने झाली. त्यात बॅटरी नाही, सर्किट नाही. हल्लीच्या स्क्रीनमध्ये काचेखाली पारदर्शक वाहकांची जाळी असते. बोट टेकलं की तिथली विद्युत धारिता बदलते आणि स्पर्श कळतो. हा पेन फक्त बोटाची नक्कल करतो. त्याची दांडी वीज वाहून नेणारी लागते, कारण टोकापासून हातापर्यंत वाट हवी. टोक जाड असतं तेही मुद्दाम: फार बारीक स्पर्श अशी स्क्रीन जमेस धरत नाही. १९९६ च्या पाम पायलट या हातात मावणाऱ्या छोट्या संगणकावर बारीक टोकाची प्लास्टिकची काडी चालायची, कारण ती स्क्रीन दाबावर चालायची. रबरी पेनाने फोनवर सही करता येते, पानं उलटता येतात. खुणा करायला तो निरुपयोगी, कारण जिथे लिहायचं तीच जागा टोकाखाली झाकली जाते. वापरून वापरून रबर गुळगुळीत होतं, मग फाटतं.

पारदर्शक चकतीचा पेन त्याहून बरा. चकतीतून खालचं अक्षर दिसतं. पण प्रत्येक वेळी टेकताना टकटक आवाज येतो, आणि चकतीखाली कण अडकला तर काचेची काळजी. त्याबद्दल इतकंच.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त विकला जातो, म्हणून त्यावर थोडं थांबते. बारीक टोक, चार्जिंग, आणि ‘सर्व टचस्क्रीनवर चालतो’ असा दावा. दावा खोटा नाही. आतलं सर्किट टोकाशी असा सिग्नल सोडतं की स्क्रीनला तिथे बोट असल्याचा भास होतो. गोची नेमकी तीच. टॅबच्या लेखी तो पेन नाहीच, बोट आहे. त्यामुळे तळहात आणि पेन यांत त्याला फरक करता येत नाही; हात टेकला की पान सरकतं किंवा समासात रेघोट्या उमटतात. दोन बोटांचा हातमोजा घालून काम चालतं, पण उकाड्यात तो नकोसा होतो. विसर्ग द्यायला गेलं तर गंमतच: एकाखाली एक दोन टिंबं पटकन दिली की टॅब त्याला डबल टॅप समजतो आणि पान झूम होतं. ‘दुःख’ दुरुस्त करताना याचा पुरेपूर प्रत्यय येतो.

आता हातात आहे तो टॅबच्याच जातीचा, विद्युतचुंबकीय अनुनादावर चालणारा. हे तंत्र वॅकॉम या जपानी कंपनीचं. सॅमसंगने २०११ च्या गॅलेक्सी नोटपासून ते फोनमध्ये आणलं. डिस्प्लेच्या मागे वेगळा थर असतो, तो चुंबकीय क्षेत्र तयार करतो, पेनातली गुंडाळी त्यावरच ऊर्जा घेते आणि उत्तर देते. लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही. टोक काचेपासून थोडं वर असतानाच कर्सर दिसतो, त्यामुळे अनुस्वार कुठे पडणार हे टेकण्याआधीच कळतं. माझ्या दृष्टीने हा एक गुण बाकी सगळ्यांना भारी आहे.

खोक्यावर दाबाच्या ४०९६ पातळ्या लिहिलेल्या असतात. मी अ‍ॅपमध्ये दाबाचा परिणाम बंदच ठेवला आहे, कारण खुणेची रेघ सगळीकडे सारखीच जाड हवी. मला हवा असतो तो पहिला दाब: किती हलकं टेकल्यावर टिंब उमटतं. हा आकडा कुणीच ठळकपणे देत नाही. दुकानात पेन हातात मिळाला तर भराभर दहा-बारा अनुस्वार देऊन बघा, किती उमटले ते मोजा. मग पट्टी ठेवून एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. चार्ज होणाऱ्या काही पेनांची अशी रेघ नागमोडी येते. भराभर लिहिताना ते लक्षात येत नाही.

तक्रारी याही पेनाबद्दल आहेत. कडेच्या जागेत कर्सर टोकापासून जरासा सरकतो, आणि समास नेमका तिथेच असतो. पान थोडं मोठं करून समास आत घेते. चुंबकाचं कव्हर मागे दुमडलं की एका पट्ट्यात रेघ वाकते. काम करताना कव्हर काढूनच ठेवते. रेघ टोकामागून रेंगाळते ती बहुतेक वेळा पेनामुळे नाही, स्कॅन केलेल्या जडशीळ फाइलमुळे. प्रकरणनिहाय तुकडे केले की फरक पडतो. आणि एक: खुणा केलेली पीडीएफ पाठवण्याआधी सपाट करून घ्या, म्हणजे खुणा पानातच मिसळतील. नाहीतर समोरच्याच्या अ‍ॅपमध्ये त्या दिसतीलच असं नाही, आणि मग ‘चुका नाहीत वाटतं यात’ असा आनंदी निरोप येतो.

हस्ताक्षराचं टाइप केलेल्या मजकुरात रूपांतर मी सोडून दिलं. सुटी अक्षरं ओळखली जातात, पण जोडाक्षरं आणि रफार आले की दुरुस्तीला लिहिण्याहून जास्त वेळ जातो. मुद्रितशोधकाने स्वतःचंच मुद्रित तपासत बसायचं म्हणजे अतीच झालं.

कागदासारखी खरखरीत फिल्म लावून पाहिली. अक्षर सुधारतं यात शंका नाही. काचेवर टोक घसरतं ते थांबतं. पण पांढऱ्या पानावर बारीक चमचम दिसते आणि लहान टाइप किंचित धूसर होतो. दिवसभर आठ-नऊ पॉइंटचा मजकूर वाचणाऱ्याला ते परवडत नाही. मी फिल्म काढली आणि मऊ टोक बसवलं, घर्षण त्यातूनही बरंचसं मिळतं.

फोनवर पेन फारसा वापरला जात नाही. स्क्रीनच्या कडेवर हात लोंबकळतो, दोन शब्दांत ओळ संपते. सही आणि एखादा आकडा टिपणं, बस्स.

विकत घेताना पेन आधी बघू नका, आधी टॅबला कुठला पेन चालतो ते बघा. अ‍ॅपलचा पेन्सिल आयफोनवर चालत नाही, आणि सगळे आयपॅडही सगळ्या पेन्सिलींना चालत नाहीत. २०२३ चा यूएसबी-सीवाला तर दाब ओळखतच नाही. यूएसआय नावाचं पेनांसाठीचं सामाईक मानक आहे, ते मुख्यतः क्रोमबुकवर दिसतं. टॅबच्याच जातीचा पेन मिळत असेल तर बदली टोकांचं पाकीट त्याच वेळी मागवा. टोक एका बाजूने झिजून तिरकं झालं की रेघ ठीक येते, टिंबं मात्र चुकू लागतात.