एअर पिस्तूल घेताय? आधी ग्रिपचा कोन ठरवा: कललेली की उभी

2024 साली मनू भाकर पॅरिस ऑलिंपिकमधून दोन कांस्यपदकं घेऊन आली, तेव्हापासून इंदूरमधल्या ओळखीच्या घरांतून एकच विचारणा होते. मुलगी क्लबात एअर पिस्तूल शिकतेय, आता स्वतःचं घ्यायचंय. स्टायर घेऊ, मोरिनी घेऊ की वॉल्थर? लाखाच्या वरचा खर्च आहे, तेव्हा विचारणं रास्तच. पण या तिन्हींच्या नळ्या दहा मीटरवर नवख्या हातापेक्षा कितीतरी अचूक असतात. गुण जातात ते हात आणि पिस्तूल जिथे भेटतात तिथे, म्हणजे ग्रिपवर. म्हणून कंपनीआधी ग्रिपचा कोन ठरवावा, असं माझं ठाम मत आहे.

कोन म्हणजे नळीच्या रेषेशी पिस्तुलाची मूठ, म्हणजेच ग्रिप, किती तिरकी आहे ते. नळीशी जवळजवळ काटकोनात असेल तर ती उभी ग्रिप. मुठीचा तळ मागे सरकलेला असेल तर कललेली. बंदुकांच्या जगातली परिचित उदाहरणं द्यायची तर अमेरिकन 1911 पिस्तुलाची मूठ काटकोनापासून सुमारे 18 अंश झुकलेली असते, ग्लॉकची सुमारे 22 अंश आणि जुन्या जर्मन लुगरची तर सुमारे 35 अंश. 1911 वर सराव झालेल्या माणसाने ग्लॉक उचललं की त्याला नळी वर बघतेय असं वाटतं. फरक अवघ्या चार अंशांचा, तरी हाताला लगेच कळतो.

मनगट सैल ठेवून हात समोर ताणा आणि मूठ वळा. मुठीत पेन्सिल धरली असेल तर तिचं वरचं टोक थोडं पुढे झुकलेलं दिसेल. हा तुमचा नैसर्गिक कोन. ग्रिप त्याहून जास्त कललेली असली तर सैल मनगटात नळी वर बघेल आणि ती सपाट आणायला मनगट करंगळीच्या दिशेने खाली दाबावं लागेल. ग्रिप त्याहून उभी असली तर नळी खाली बघेल आणि मनगट अंगठ्याच्या बाजूला वर उचलावं लागेल. पुढची सगळी तुलना या दोन हालचालींवर उभी आहे.

मनगटाला एवढं महत्त्व का

दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं आणि छर्रा 4.5 मिलिमीटरचा. समजा नेम मधोमध आहे, पण अख्खा हात एक मिलिमीटर बाजूला सरकला आणि पुढची-मागची साईट (नेम धरायला पुढे उंचवटा, मागे खाच) एकमेकींशी बरोबर जुळलेली राहिली. छर्रा एकच मिलिमीटर बाजूला लागेल, दहाचे दहा. आता हात जागेवर आहे, पण मनगट किंचित वळलं आणि पुढची साईट मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली. दोन साईटमधलं अंतर 32 सेंटिमीटर धरलं तर टार्गेटवर ही चूक 31 मिलिमीटरची होते. म्हणजे सात गुण. अर्धा मिलिमीटर सरकली तरी नऊ.

नवीन मुलं हात थरथरतो म्हणून रडकुंडीला येतात. हात सगळ्यांचाच थरथरतो, अगदी पदकविजेत्यांचाही. थरथरणाऱ्या हाताच्या टोकाला साईट जुळलेल्या राहिल्या तर थरथर आठ-नऊ-दहाच्या आत राहते. त्या जुळलेल्या ठेवायचं काम मनगटाचं, आणि मनगट कुठल्या स्थितीत राहील ते ग्रिपचा कोन ठरवतो.

कललेली ग्रिप, घट्ट मनगट

कललेल्या ग्रिपवर नळी सपाट आणताना मनगट खाली जातं आणि त्या दिशेच्या शेवटच्या टप्प्याजवळ पोचतं. तिथे सांध्याला फिरायला फारशी जागा उरत नाही. बिजागरी शेवटपर्यंत उघडली की दार डगमगत नाही, तसं हे आहे. एका हाताने नेम धरताना हा मोठा आधार आहे, कारण दुसरा हात मदतीला नाही. तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला असतो. तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा खिशात हात घातलेला पॅरिसचा फोटो जगभर फिरला, पण दहा मीटर पिस्तुलाच्या लाइनवर ती सगळ्यांचीच रीत आहे. मोकळा हात लटकत राहिला तर खांदा हलतो, एवढंच त्यामागचं कारण.

तोटाही आहे. मनगट शेवटच्या टोकापर्यंत ताणून 60 शॉट आणि 75 मिनिटं काढायची म्हणजे कोवळ्या हाताला जड जातं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या मनगटाच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं तर कोन जास्त झाला असं समजा आणि दोन अंश उभा करा. दुखणं सोसून सराव करवणाऱ्यांशी मी सहमत नाही.

फ्री पिस्तुलावर, म्हणजे 50 मीटरवर, घडलेल्या जुन्या मंडळींकडून बऱ्याचदा खूप कललेल्या ग्रिपचा सल्ला मिळतो. त्यांच्या अनुभवाला मान आहे. महूचं आर्मी मार्क्समनशिप युनिट, म्हणजे लष्कराचं नेमबाजी पथक, इंदूरच्या शेजारीच. तिथे तयार झालेल्या जितू रायने 2014 च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत 50 मीटरलाच सुवर्ण जिंकलं होतं. पण फ्री पिस्तुलाची ग्रिप हाताभोवती गुंडाळलेली असायची, नियम तशी मुभा देत होते. एअर पिस्तुलात ती मुभा नाही आणि 2016 नंतर फ्री पिस्तूल ऑलिंपिकमधूनही गेलं. तिथला कोन जसाच्या तसा इथे आणू नये.

उभी ग्रिप, मोकळं मनगट

उभ्या ग्रिपवर मनगट मधल्या स्थितीत राहतं. हात सैल वाटतो, पहिल्या दिवशी तर फारच बरं वाटतं. दोन हातांनी सर्व्हिस पिस्तूल चालवलेल्या माणसाला हीच ओळखीची वाटते, कारण तिथे दुसरा हात मनगटाचं डगमगणं अडवतो. तो हात काढून घेतला की मोकळं मनगट चारही दिशांना फिरू शकतं आणि वरचा साईटचा हिशेब अंगावर येतो. ट्रिगर दाबताना बोटाबरोबर अख्खी मूठ आवळणाऱ्या मुलांची पुढची साईट उभ्या ग्रिपवर पटकन खाली डुबकी मारते. शॉट सरळ खाली, सातच्या वर्तुळात जातो.

ज्यांचं मनगट जुन्या दुखापतीमुळे खाली वळत नाही, त्यांना मात्र उभी ग्रिपच घ्यावी लागते. अशा हाताला कललेली देऊन उपयोग नाही.

25 मीटरचा विचार असेल तर

पुढे 25 मीटरकडे जायचं असेल तर कोनाचं महत्त्व आणखी वाढतं. महिलांच्या 25 मीटर पिस्तुलात रॅपिडच्या, म्हणजे झटपट मारायच्या टप्प्यात हात 45 अंशांवर खाली ठेवून उभं राहायचं असतं; टार्गेट तीन सेकंद उघडं, सात सेकंद बंद. त्या तीन सेकंदांत हात वर येतो तेव्हा साईट जुळूनच यायला हव्यात, जुळवत बसायला वेळच नसतो. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच शॉट आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत मारायचे असतात. लंडनला 2012 साली त्यात रौप्य जिंकणारा विजय कुमारही महूच्याच युनिटचा. शिवाय 25 मीटरला वापरतात त्या .22 बोअरच्या पिस्तुलाला झटका असतो. मनगट घट्ट असेल तर नळी वर उडून त्याच जागी परत येते, सैल असेल तर दर वेळी नव्या ठिकाणी.

म्हणून माझा आग्रह असा, की एअर आणि .22 दोन्हींवर कोन शक्य तितका सारखा ठेवा. सकाळी एका कोनावर आणि संध्याकाळी दुसऱ्या कोनावर सराव करून मनगटाला कुठलीच सवय लागत नाही.

मग घ्यावी कुठली

नव्याने स्वतःचं पिस्तूल घेणाऱ्या बहुतेकांनी आपल्या नैसर्गिक कोनापेक्षा थोडीशीच जास्त कललेली ग्रिप घ्यावी आणि कोन बदलता येणारीच घ्यावी. स्टायरच्या एलपी10 सारख्या पिस्तुलात ग्रिपच्या आतल्या स्क्रूंनी कल कमी-जास्त करता येतो. जुनं, एकाच कोनात बसवलेलं पिस्तूल स्वस्तात मिळत असेल तर ते मोठ्या माणसाने, हात तपासून घ्यावं. वाढत्या वयाच्या मुलासाठी नको. वर्षभरात तळवा बदलतो. साइजही बघा. मध्यम घेऊ, पुढे होईल, हा कपड्यांचा हिशेब इथे चालत नाही. ग्रिप मोठी झाली की ट्रिगरवर बोटाचं टोक पोचत नाही आणि बोट लाकडाला घासून दर शॉट एका बाजूला ढकलतं. डावखुऱ्यांची ग्रिप वेगळी मागवावी लागते.

हात तपासायची पद्धत सोपी आहे. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर, स्टान्समध्ये, म्हणजे नेम धरताना राहता तसे, उभे राहा. डोळे मिटून हात वर आणा, दोनदा श्वास घ्या, डोळे उघडा, काहीही न हलवता साईट बघा. पुढची साईट खाचेच्या वर डोकावत असेल तर ग्रिप तुमच्या मनगटाला जास्त कललेली, खाली बुडाली असेल तर जास्त उभी. एकदा करून ठरवू नका, ताज्या हाताने करा आणि सरावाच्या शेवटी दमलेल्या हातानेही करा. दमल्यावर साईट बुडत असेल तर मी कोन अंशभर वाढवून बघतो. मग टार्गेटसमोर हेच करा. साईट जुळलेल्या आहेत, पण टार्गेटच्या डावी-उजवीकडे येतात, तर ग्रिपला हात लावू नका. मागचा पाय सरकवा.

कोन बसला की भराव. अक्रोडाच्या लाकडाची तयार ग्रिप कुणाच्याच तळव्यात शंभर टक्के बसत नाही. तळव्याच्या खोलगट भागात पोकळी राहते. तिथे एम-सील मळून लावा, वर पातळ प्लास्टिक ठेवा आणि पिस्तूल नेहमीसारखं धरा. वाळलं की कडा काचपेपरने घासा. पकड मधल्या बोटाची आणि अनामिकेची, सरळ मागे. अंगठा आणि करंगळी नुसती टेकलेली. ग्रिपच्या तळाशी हाताला आधार देणारी, वर-खाली होणारी पट्टी हाताला हलकेच टेकेल एवढीच वर घ्या. आवळून बसवली तर इंदूरच्या मे महिन्यात घामेजलेला हात प्रत्येक शॉटला वेगळा बसतो.

भराव घालताना नियम डोक्यात असू द्या, नाहीतर स्पर्धेच्या सकाळी इक्विपमेंट कंट्रोलवर, म्हणजे पिस्तूल तपासतात तिथे, भराव घासत बसावं लागेल. पट्टी ग्रिपशी 90 अंशांपेक्षा कमी कोनात नको, तिची कड हाताला कवेत घेणारी, वर वळलेली नको. मनगटाला ग्रिपचा कुठलाच भाग टेकता कामा नये. नेमबाजीच्या हातात घड्याळ, कडं, बँड चालत नाही. पिस्तूल सगळं धरून 1500 ग्रॅमच्या आत आणि 420 गुणिले 200 गुणिले 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. भरावाने जाड झालेली ग्रिप अडकते ती बहुधा या 50 मिलिमीटरमध्येच, म्हणून घरून निघण्याआधी आतून तेवढ्याच मापाच्या खोक्यात घालून बघा.